शोभेच्या फटफट्या

गेल्या श्रावणात आमच्या शाळेतले गणिताचे सर एका संध्याकाळी माझ्याकडे सल्ला विचारायला आले. मुलीच्या स्थळाबिळाविषयी काही असेल अशा समजुतीने मी जरा सावरून बसलो. तो गृहस्थांनी खिशातून मोबाइल काढला आणि एका फटफटीचे छायाचित्र माझ्या नाकासमोर धरले. शाळेत जायला-यायला त्यांच्यापाशी एक चांगली गाडी आहे. बटण दाबले की सुरू होते, आणि तेलापाण्यावाचून मालकाकडे काही मागत नाही. पण घराचे कर्ज फिटले, हाताशी चार पैसे राहू लागले, तेव्हा 'दुसरी' म्हणून एखादी जुनी, अलीकडे जिला व्हिंटेज म्हणतात तशी गाडी घ्यावी असे त्यांच्या मनाने घेतले होते.

छायाचित्रातली गाडी दुसऱ्या महायुद्धाच्या वेळची बी. एस. ए. होती. टाकी आरशासारखी, आणि चाकांच्या आऱ्या चांदीच्या म्हणाव्यात अशा. मी विचारले, "चालवणार कुठे?"

"चालवायची कशाला? ओसरीवर उभी राहील. चार माणसे येतात-जातात."

सरांशी माझा पंधरा वर्षांचा स्नेह. त्या दिवशी त्यांना चहा पाजून मी परत पाठवले. तोंडावर जे बोलवले नाही ते इथे लिहितो आहे, आणि ते एकट्या सरांना उद्देशून नाही. कारण आता ही साथ गावोगाव पसरली आहे. ज्याला त्याला जुनी फटफटी हवी आहे आणि कोणालाच तिच्यावर बसायचे नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे: जुनी गाडी घ्यायची ती चालवायला घ्यावी, आणि चालवता येईल अशीच निवडावी. चालवायची नसेल तर ती जिच्यावर आज कोणीतरी बसतो आहे त्याच्याजवळच राहू द्यावी.

हे मी शहाणपणाच्या पाटावर बसून सांगत नाही. आठ वर्षांपूर्वी मीही हाच गाढवपणा केला आहे. माझी गाडीही बी. एस. ए.च होती, एम २० नावाची. पाचशे सी.सी.चे एक सिलिंडर, युद्धकाळात लाखाहून अधिक संख्येने बनलेली, लष्करी निरोप्यांनी वाळवंटात आणि चिखलात दामटलेली गाडी. तिचा इतिहास वाचून मी भुललो. (कादंबरी लिहिणाऱ्याला इतिहास दाखवून काहीही विकता येते.) विकणाऱ्याचे नाव घेत नाही, पण त्याने माझ्या गळ्यात जी बांधली तिच्या कागदावरचा इंजिनाचा नंबर एक आणि इंजिनावरचा दुसराच, हे मला पैसे दिल्यावर तिसऱ्या महिन्यात कळले. मग मॅग्नेटो बसला. त्याचे भाग इंग्लंडातून मागवायचे, टपालखर्च द्यायचा, जकात द्यायची, आणि आलेली वस्तू दुसऱ्याच सालच्या गाडीची निघाली की पुन्हा पहिल्यापासून. अडीच वर्षे ती माझ्या ओसरीवर उभी होती. मुले तिच्यावर दप्तरे टांगीत.

ज्या थोड्या वेळा ती चालली त्यांतली एक मला चांगली आठवते. तिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. माझी रोजची गाडी याच्या बरोबर उलट. नाक्यावर म्हैस आडवी आली, आणि माझ्या उजव्या पायाने इमानेइतबारे ब्रेक म्हणून जे दाबले ते गिअरचे पाते होते. म्हैस वाचली. माझे मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये होते आणि शाळेच्या सहामाहीचे पेपर मी डाव्या हाताने तपासले.

म्हणून 'दुसरी' या शब्दाचा विचार आधी करा, 'जुनी'चा मागाहून. दुसरी गाडी म्हणजे जिच्यावर आपण आठवड्यातून एकदा बसणार ती. उरलेले सहा दिवस पाय पहिल्या गाडीचेच शिक्षण घेत असतात, आणि आणीबाणीच्या क्षणी माणसाचे डोके विचार करीत नाही, पायच करतात. ओतीव लोखंडाच्या इंजिनाची जुनी बुलेट कोणाला आवडणार नाही? मलाही तिचा ठेका ऐकला की मान वळवून पाहिल्याशिवाय राहवत नाही. १९५५ साली मद्रासेत तिचा कारखाना उभा राहिला. तिची इंग्लंडातली आई पुढे बंद पडली आणि ही मात्र आपल्याकडे नांदली. पण तिचाही गिअर उजवीकडेच. जो रोज बुलेटच चालवतो त्याने ती खुशाल घ्यावी. ज्याची रोजची गाडी आजकालची आहे त्याने घेण्यापूर्वी स्वतःच्या पायांना विचारावे.

मी माझी बी. एस. ए. तोट्यात विकली आणि तिच्या जागी एका निवृत्त एस. टी. ड्रायव्हरकडून त्यांची येझदी घेतली. ही निवड करताना मी सौंदर्याचा विचार केला नाही असे म्हटले तर खोटे होईल, पण तो सर्वांत शेवटी केला. म्हैसूरच्या कारखान्यात १९६१ पासून जावा बनू लागली. १९७३ पासून तीच येझदी या नावाने आली. १९९६ साली कारखान्याला टाळे लागले. पस्तीस वर्षे जी गाडी बनली आणि दक्षिण महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून धावली, तिचे भाग अजून जुन्या बाजारात मिळतात आणि न मिळाले तर घडवता येतात. तिचा गिअर डाव्या पायाला आहे, ब्रेक उजव्या पायाला. किकचे आणि गिअरचे पाते एकच. किक मारायची, आणि तेच पाते खाली वळवून गिअर टाकायला घ्यायचे. नवख्या माणसाला हे जादूचे वाटते, पण दोन रविवारांत अंगवळणी पडते. इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे व्हॉल्व्हची भानगड नाही. प्लग, पॉइंट, कार्ब्युरेटर, क्लच, एवढे ज्याला समजले त्याला ती रस्त्यात फार वेळ बसवून ठेवीत नाही. पेट्रोलमध्ये लिटरमागे तीस-चाळीस मिलिलिटर तेल मिसळावे लागते, ते विसरलात तर मात्र पिस्टन जाम होतो आणि ती चूक खिशाला भोवते.

माझे मिस्त्री कोल्हापूरच्या उद्यमनगरात बसतात. उद्यमनगराविषयी बाहेरच्या वाचकाला सांगायला हवे: उसाच्या आणि तेलाच्या इंजिनांच्या दुरुस्तीवर वाढलेली ही लेथची आणि ओतकामाची वस्ती. इथे बुश मागितला तर टर्नर आधी विचारतो, "जुना आणलाय का?" आणि जुना नसला तर शाफ्ट मोजून नवा कातून देतो. मिस्त्री सत्तरीचे आहेत. पॉइंटचे अंतर ०.४ मिलिमीटर असावे असे पुस्तकात लिहिले आहे. ते पात्याने मोजतात खरे, पण मोजण्यापूर्वी नुसत्या नजरेने जे लावतात तेच पुष्कळदा बरोबर निघते. त्यांच्या दोन्ही मुलांनी मोबाइलचे दुकान टाकले आहे. एकदा मी पिस्टन मिळेल की नाही या काळजीत होतो, तर म्हणाले, "गुरुजी, पार्ट मिळंल. हात मिळायचा न्हाई."

माझ्या सगळ्या संतापाचे मूळ या वाक्यात आहे. शोभेची गाडी मिस्त्रीला काम देत नाही. एकदा मोठी रक्कम देऊन शहरातल्या कारागिराकडून ती चकचकीत करून आणली की पुढे तिला लागतो तो फक्त फडका. क्लचच्या प्लेटा झिजत नाहीत, ब्रेकचे लायनर जळत नाहीत, कोणी पोरगा मिस्त्रीच्या शेजारी उकिडवा बसून पाना हातात देत शिकत नाही. अशा शंभर गाड्या गावात असल्या तरी त्या दुरुस्त करणारा एक माणूस त्यांच्यामागे जगू शकत नाही. आणि हेच लोक सभेत 'वारसा, वारसा' म्हणून टाळ्या घेतात!

माझ्या शाळेच्या गावात एक दूधवाला राजदूतवर दूध घालीत असे. पोलंडच्या गाडीवरून बेतलेली, फरिदाबादला १९६२ पासून बनलेली ही १७५ सी.सी.ची राजदूत. तिच्या दोन्ही अंगांना कॅन, मागे वैरणीचा भारा, आणि तिने कधी कुरकुर केल्याचे मी ऐकले नाही. एका शहरी गृहस्थांनी ती उचलली. आता ती महामार्गावरच्या एका हॉटेलच्या दारात काचेच्या पेटीत उभी आहे. टाकीवर जिथे दूधवाल्याच्या गुडघ्याने रंग घासला होता तिथे आता लाल लुकण आहे, आणि बाजूला दुधाचा एक कॅन अडकवला आहे. रिकामा, पितळेचा, पॉलिश केलेला. दूधवाल्याला तिचे पैसे मिळाले, त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. तो आता स्कूटरवरून दूध घालतो आणि सुखी आहे. पण ती काचेची पेटी पाहून मी त्या हॉटेलात चहासुद्धा घेतला नाही.

कोणी म्हणेल, सरकारच तर सांगते आहे. खरे आहे. २०२१ साली केंद्राने नियम केला: पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नवी नोंदणी वीस हजारांना, दहा वर्षांची, पाटीवर 'व्हीए' ही अक्षरे. अशी गाडी प्रदर्शन, मेळावा, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणायची. नेहमीच्या वापराला नाही. या नियमाशी माझे भांडण नाही. संग्रह करणाऱ्यासाठी तो आहे आणि संग्रह करणारे खरे जाणते लोक देशात आहेत. त्यांच्या गाड्या निदान मेळाव्याला तरी स्वतःच्या चाकांनी येतात. माझी येझदी साधी नोंदलेली आहे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून घ्यायची, कर भरायचा, आणि हक्काने रस्त्यावर यायचे. माझे भांडण त्याच्याशी आहे जो कोणी नियम न लावताच ओसरीवर स्वतःचे संग्रहालय उघडतो.

शिवाय उभे राहणे हे गाडीला मानवत नाही, ही साधी यांत्रिक गोष्ट आहे. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवा आधी क्रँकच्या पेटीत शिरतात. ती पेटी हवाबंद ठेवणारी रबरी सीले महिनोन्‌महिने कोरडी राहिली की कडक होतात, वारा ओढू लागतात, आणि मग किक मारून मारून मांडी भरून येते. बॅटरी बसते. त्यात आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, पुष्कळसे आमच्याच उसाचे. ते हवेतली ओल धरते, टाकीच्या तळाशी पाणी साठते, पत्रा आतून गंजतो, जुन्या रबरी नळ्या मऊ पडतात. बाहेरून टाकीला आरशासारखे चकाकवणाऱ्यांनी एकदा आत टॉर्च मारून पाहावा.

धुराचा आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. टू-स्ट्रोक इंजिन थोडे पेट्रोल न जळताच बाहेर सोडते आणि मिसळलेले तेल धूर करते. हे वाईटच आहे. म्हणूनच ती पहिली गाडी होऊ नये असे मी म्हणतो. रोज चाळीस किलोमीटर शाळेला मी तिच्यावर जात नाही. रविवारी सकाळी पन्हाळ्याचा चढ चढून येतो, धुराचा दाखला वेळच्या वेळी काढतो, तेल मापाने घालतो. एवढ्याने मी निर्दोष ठरतो असे नाही, पण एवढा दोष मी पत्करला आहे.

आणि ज्याला नुसते रूपच हवे आहे त्याची सोय आता कारखान्यांनीच केली आहे. जावा हे नाव २०१८ साली परत आले, येझदी २०२२ साली, आणि बी. एस. ए.सुद्धा २०२४ साली आपल्याकडे आली. सगळ्या नव्या फोर-स्ट्रोक गाड्या, दिसायला जुन्यांच्या वळणाच्या. ओसरीवर उभी करा, शेजाऱ्यांना दाखवा, आणि वाटलेच तर बटण दाबून चालवाही. मग बिचाऱ्या म्हाताऱ्या गाड्यांच्या मागे का लागता?

हा लेख लिहायला घेतला त्या आठवड्यात गणिताचे सर पुन्हा आले. बी. एस. ए.ची बोलणी पुढे गेली होती. विसार तेवढा द्यायचा राहिला होता. मी काही बोललो नाही. येझदीची किल्ली त्यांच्या हातात दिली, किकचे पाते कसे वर घ्यायचे ते दाखवले आणि पायरीवर बसलो. पहिल्या चार किका फुकट गेल्या. पाचवीला ती लागली, निळा धूर निघाला, आणि क्लच सोडताना सरांनी ती फाटकातच बंद पाडली. घामाघूम होऊन त्यांनी मागे पाहिले. मला वाटले, आता किल्ली परत देणार. तर म्हणाले, "तुमचे ते मिस्त्री रविवारी असतात का हो?"

मिस्त्रींना रविवारी सुटी असते. सोमवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघे उद्यमनगरात जाणार आहोत.