सर्व्हिस बदलत राहा

मुलांना बॅडमिंटनला सोडून बाहेर बाकावर बसणाऱ्या आई-बाबांना एक विनंती आहे. आपलं पोर ओळीने शॉर्ट सर्व्हिस सुरेख टाकतंय म्हणून हुरळून जाऊ नका. आणि सर दर वेळी वेगळी सर्व्हिस मारायला लावतात, शटल सारखं नेटमध्ये जातं, म्हणून ‘आज काहीच शिकवलं नाही’ असं म्हणत घरीही जाऊ नका.

कोणता सराव जास्त टिकतो, हे अमेरिकेत गुड आणि मॅगिल या संशोधकांनी तपासून पाहिलं, १९८६ साली. शिकाऊ मुलींना तीन आठवडे शॉर्ट, लाँग आणि ड्राइव्ह अशा तीन सर्व्हिस दिल्या. काहींनी एकेक प्रकार घोटला, काहींनी ठरलेल्या क्रमाने मारल्या, काहींनी तिन्ही उलटसुलट. पुढे परीक्षा घेतली तेव्हा उलटसुलटवाल्या सरस निघाल्या. सराव उजव्या कोर्टातून झाला होता. डावीकडून मारायला सांगितलं तेव्हाही त्याच पुढे.

याचं कारण डोक्यात आहे. तीच सर्व्हिस पुन्हा मारताना मघाचीच आखणी चालून जाते. दुसरी मागितली की मेंदूला हालचाल नव्याने जुळवावी लागते. बोटांच्या हालचाली शिकणाऱ्यांचे मेंदू स्कॅनरमध्ये पाहिले, तर मिसळून सराव करताना आखणीचे भाग जास्त राबत होते. काही दिवसांनी मात्र त्याच लोकांचा हात जलद चालला, आणि मेंदूला कष्टही कमी पडले.

गंमत अशी की शिकणाऱ्याला स्वतःला हे कळत नाही. सायमन आणि ब्यॉर्क यांच्या २००१ च्या प्रयोगात एकेक प्रकार घोटणाऱ्यांना उद्या आपल्याला छान जमेल अशी खात्री होती. प्रत्यक्षात उलटं झालं. मग बाकावरून बघणाऱ्या आपल्याला काय कळणार?

अगदी नवख्या मुलाला मात्र लगेच गोंधळात टाकू नका. आधी ग्रिप बसू दे, शटल रॅकेटला लागू दे. तेवढे दिवस एकच सर्व्हिस चालेल. नंतर घरी सराव घेताना ऐन वेळी हाक द्या: ‘लाँग!’, ‘शॉर्ट!’, ‘पुन्हा शॉर्ट!’

प्रगती बघायची असेल तर क्लासच्या शेवटी बघू नका, तोवर हात बसलेला असतो. आल्या आल्या, पहिल्या चार-पाच सर्व्हिस कशा पडतात ते बघा. मॅचमध्ये हात बसेपर्यंत थांबता येत नाही: सर्व्हिस नेटमध्ये गेली की पॉइंटही जातो आणि सर्व्हिसही.