दत्तक बाळ आणि ‘मधला माणूस’

“मुलगी अविवाहित आहे, बाळंतपण पुढच्या महिन्यात. दवाखान्याचा खर्च आणि वर थोडे द्या, जन्मदाखला थेट तुमच्याच नावाने निघेल.” वंध्यत्वाच्या उपचारांनी थकलेल्या जोडप्याला असा निरोप आला, की नाही म्हणणे जड जाते. पण हे दत्तकविधान नव्हे, खरेदी आहे.

बाल न्याय कायद्याच्या कलम ८१ नुसार मूल विकणाऱ्यालाच नव्हे, विकत घेणाऱ्यालाही ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपये दंड होऊ शकतो. बाळ ज्यांच्या ताब्यात आहे अशा रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांनी हा गुन्हा केल्यास शिक्षा ३ ते ७ वर्षांची. रुग्णालयातून नवजात बाळाची तस्करी झाल्यास आधी त्याचा परवाना निलंबित करा, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये बजावले.

मग थेट दत्तक घेताच येत नाही का? हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने तशी वाट आहे. नात्यातले मूल बहुधा असेच घेतले जाते. जन्मदात्या आईवडिलांनी स्वतः, राजीखुशीने मूल द्यावे लागते. दत्तकपत्र रीतसर नोंदवले, तर न्यायालय ते दत्तक कायदेशीर धरून चालते. नुसत्या नोटरीला ते बळ नाही. आणि कलम १७ नुसार या व्यवहारात पैसे देणे-घेणे गुन्हाच.

बाकीच्यांसाठी ‘कारा’चे पोर्टल. विवाह, उत्पन्न, वय, आरोग्य यांची कागदपत्रे द्यायची. घरभेटीच्या अहवालाचे शुल्क ६,००० रुपये. पुढे बाळासाठीचा संगोपन निधीही ठरलेला, संस्थेकडून पावती घेऊन भरायचा. सप्टेंबर २०२२ पासून दत्तक आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. खरी किंमत मोजावी लागते ती वेळेची: लहान बाळासाठी ३ वर्षांहून अधिक.

या विलंबाचा छोटा भाग मात्र जपण्यासारखा आहे. बाल कल्याण समितीकडे मूल सोपवणाऱ्या आईला फेरविचारासाठी २ महिने मिळतात. नुकत्याच बाळंत झालेल्या, घाबरलेल्या मुलीने त्या अवस्थेत घेतलेला निर्णय अंतिम मानू नये, एवढाच त्यामागचा विचार. मधला माणूस तिचे हे २ महिनेच विकतो.

खोट्या जन्मदाखल्याने बाळाचेही काहीतरी हिरावले जाते. उद्या डॉक्टरांनी घराण्यातल्या आजारांविषयी विचारले, तर सांगितला जाणारा इतिहास त्याचा नसतो. प्रकरण उघडकीस आले, तर ज्या घराला ते आपले समजते, तिथून त्याला उचलून संस्थेत ठेवले जाऊ शकते.

रांग कमी व्हायला हवी, ही मागणी रास्तच. पण “लगेच मिळेल” असे कोणी म्हणाले, तर पहिला प्रश्न विचारा: बाळाच्या आईला समितीसमोर नेले का? उत्तर ‘नाही’ असेल, तर तिथूनच माघारी फिरा.