जहाजाचा चातुर्मास

सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईहून गोवा-लक्षद्वीपच्या सफरी सुरू करणारे ‘एम्प्रेस’ जहाज १९९० साली बहामा बेटांच्या छोट्या फेऱ्यांसाठी बांधले गेले. तेथे उबदार समुद्र बारमाही खुला असे. मुंबईत मात्र नैऋत्य मोसमी वारे किनाऱ्यावर थेट आदळतात. म्हणून जून २०२२ मध्ये जहाजाने तुलनेने शांत अशा पूर्व किनाऱ्यावरचे चेन्नई गाठले. उभ्या जहाजाचाही खर्च थांबत नाही. बंद दुकानाचे भाडे भरणाऱ्या घाटकोपर-मुलुंडच्या व्यापाऱ्यांना हे गणित सांगायला नको. जहाज मार्ग बदलून कमाई राखते. साधू-साध्वी त्याच पावसात विहार थांबवून जीवदया राखतात. श्रावण-भाद्रपदातील तिकीट काढण्यापूर्वी घराने दोन्ही हिशेब मांडावेत.