काचेवरची फिल्म : फुगे मोजू नका, कडा पाहा!

मैत्रिणींनो, पश्चिमेची खिडकी म्हणजे थंडीत सुख आणि वैशाखात शिक्षा! आमच्या पुण्याच्या घरातली पुढची खोली नेमकी पश्चिमेला. दुपारी तीन वाजले की ऊन थेट दिवाणावर. त्यातच यंदा सासूबाईंच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. उन्हाची तिरीप आली की त्या डोळ्यांवर पदर ओढून भिंतीकडे तोंड करून बसायच्या. जाड पडदा लावावा, तर भर दुपारी दिवा लावायची पाळी! शेवटी काचांना ऊन अडवणारी फिल्म लावून घ्यायचं ठरलं. दोन खिडक्या, चार काचा, प्रत्येक काच 2 फूट रुंद, 4 फूट उंच; म्हणजे 32 चौरस फुटांचं काम.

दुकानदाराने विशीतला एक मुलगा पाठवला. मी शाळेतून आले तेव्हा तो काम संपवून सामान आवरत होता. काचेकडे पाहिलं मात्र, माझा पाराच चढला. ठिकठिकाणी फुगे, मधूनच दुधाळ डाग!

“हे काय काम झालं?”

“ताई, ते पाणी आहे आतलं. पंधरा दिवसांत सुकेल.”

“मग पैसेही पंधरा दिवसांनीच!” वही विसरून आलेल्या मुलाशी वर्गात बोलते, अगदी त्याच आवाजात मी म्हणाले. त्याचा चेहरा पडला. गिऱ्हाईकाचे पैसे आल्याशिवाय मालक त्याची मजुरी देत नसे.

तेवढ्यात सासूबाई आतून म्हणाल्या, “अगं, लाटल्या लाटल्या वाळलेला पापड कुणी मागतं का? सकाळपासून स्टुलावर उभा आहे पोर. आधी त्याला जेवलास का, ते विचार.”

मी वरमले. पोळीभाजी दिली आणि तो जेवत असताना मास्तरीण असूनही विद्यार्थिनीसारखी त्याला प्रश्न विचारत बसले. नंतर फिल्मबरोबर आलेला सूचनांचा कागदही वाचला. त्यातून जे कळलं ते तुमच्याही उपयोगी पडेल, म्हणून सांगते.

पाणी का राहतं? ही फिल्म म्हणजे मागे गोंद असलेला पॉलिएस्टरचा पातळ पापुद्राच. ती कोरडी चिकटवत नाहीत. पाण्यात शांपूचे चार थेंब टाकून ते काचेवर आणि गोंदावर फवारतात, म्हणजे फिल्म जागेवर सरकवता येते. मग रबरी पट्टीने मधून कडेकडे पाणी ओढून काढतात. तरी थोडं मागे राहतंच. ते हळूहळू सुकतं. उन्हाळ्यात लवकर, पावसाळ्यात उशिरा. साधी फिल्म पक्की बसायला साधारण 30 दिवस धरावे, जाड फिल्मला त्याहूनही जास्त. तोवरचे पाण्याचे फुगे आणि धुरकटपणा हा कारागिराचा दोष नव्हे.

मग दोष कशाला म्हणायचं? पाण्याचा फुगा दिवसागणिक लहान होतो, न सुकणारा तेवढाच राहतो. फुग्याच्या मधोमध कण दिसला तर तो धुळीचा, किंवा काचेवरचा जुना रंग नीट खरवडला नव्हता असं समजा. तो आपोआप जाणार नाही. फिल्मला पडलेली घडीही कधी सपाट होत नाही. फिल्मवरचे ओरखडे, दुमडलेला कोपरा आणि कडेने सलग उचललेली पट्टी, हे खरे दोष.

आता कडा. माझी मोठी चूक इथेच झाली. फिल्म आणि चौकटीच्या रबरामध्ये एक ते दोन मिलिमीटरची बारीक रेघ मोकळी दिसते. मला वाटलं, मापात चुकला! पण ती फट मुद्दाम ठेवलेली असते. फिल्म रबरावर चढली तर तिथे ती नीट चिकटत नाही, उचलली जाते आणि आत धूळ शिरते. मात्र फट सगळीकडे सारखी हवी, कापणी सरळ हवी. कुठे बोटभर उघडी काच आणि कुठे फिल्म रबरावर, असं चालणार नाही. कापताना पातं जोरात दाबून काचेवरच चरा उमटला नाही ना, तेही निरखून पाहा.

पाहायचं कसं? नाक काचेला लावून नव्हे! दिवसाउजेडी, पण काचेवर थेट ऊन नसताना, खोलीच्या आतून सहा फुटांवर काचेसमोर सरळ उभं राहावं. तिथून जे डोळ्यांना खुपतं ते दाखवावं. एखादा बारीक कण जवळून दिसला आणि सहा फुटांवरून दिसेनासा झाला, तर सोडून द्यावा. घरात बसवलेली फिल्म कारखान्यातल्या काचेइतकी निर्दोष नसायचीच. कडा मात्र जवळ जाऊनच तपासाव्या.

काम चालू असताना घरात कुणीतरी असावं. आदल्या दिवशी पडदे काढून खोली झाडून घ्यावी आणि काम चालू असेतो पंखा बंद ठेवावा, नाहीतर धूळ थेट गोंदावर. काच पुसली आणि लगेच फिल्म लावायला घेतली, तर टोका. पात्याने खरवडून, धुऊन, कडेचा मळ काढून पुन्हा धुवायला हवी. पाणी गाळलेलं हवं.

आणि ठरवतानाच विचारायच्या गोष्टी : दर चौरस फुटाचा, तो काचेच्या मापाने की कापून वाया जाणारी फिल्मही धरून? जुनी फिल्म काढायचे पैसे वेगळे का? काचेला तडा असेल किंवा आत जाळी असेल, तर तिला गडद फिल्म लावू नये. काच तापून तडकण्याची भीती असते. खडबडीत काचेच्या उठावाच्या बाजूला फिल्म बसतच नाही. आरशासारख्या फिल्मने दिवसा बाहेरच्यांना आतलं दिसत नाही हे खरं, पण रात्री घरात दिवा आणि बाहेर अंधार असला की उलटं होतं. तेव्हा पडदे अडगळीत टाकू नका, बरं का!

पुढचे 30 दिवस काच पुसायची नाही. नंतर मऊ फडकं आणि साबणाचं सौम्य पाणी. अमोनिया असलेलं द्रावण आणि घासणी वर्ज्य.

आता आमच्या काचांचं काय झालं, ते सांगते. त्या दिवशी मी त्या मुलाला तीन चतुर्थांश रक्कम दिली आणि ‘उरलेली 30 दिवसांनी, काच पाहून’ असं बिलावर लिहून दोघांनी सह्या केल्या. पंधरा दिवसांत फुगे खरंच गेले, दोन सोडून. त्या दोन्हींत कण होते, पण सहा फुटांवरून दिसत नव्हते. शेवटच्या काचेची खालची कड मात्र विताएवढी रबरावर चढलेली आणि उचललेली. फुगे मोजण्याच्या नादात पहिल्या दिवशी ती मला दिसलीच नव्हती. दाखवली, तर मुलगा म्हणाला, “ही माझी चूक, ताई. शेवटी घाई झाली.” आणि त्याने ती काच नव्याने करून दिली, तीही एक पैसा जादा न घेता. ह्या वेळी पंखा मी आधीच बंद केला होता. नवी काचही महिनाभर पाहिली आणि राहिलेले पैसे चुकते केले.

सगळेच पैसे आधी दिले असते, तर तो परत आला असता की नाही, कोण जाणे. आणि मुळीच दिले नसते, तर त्या दिवशी त्याच्या घरी काय गेलं असतं? काम पारखायला शिकलं की आपलेही पैसे वाचतात आणि दुसऱ्याच्या घामाचेही बुडत नाहीत.

आता दुपारी तीनला सासूबाई खिडकीशी बसून मेथी निवडतात. पदर खांद्यावर असतो, डोळ्यांवर नाही.