बदामीच्या तळ्यावर अम्मी

दिवाळीची सुट्टी लागली की शिक्षकांच्या घरात दोनच विषय असतात: पेपर तपासणे आणि कुठेतरी जाऊन येणे. यंदा पेपरांचा गठ्ठा कपाटावर टाकून आम्ही बदामीला निघालो. आम्ही नवरा-बायको, दोन मुले आणि आमची अम्मी. अब्बांच्या इंतकालानंतर दीड वर्षात अम्मी मोहल्ल्याबाहेर पडली नव्हती. "तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते," हे तिचे ठरलेले उत्तर. या वेळी धाकट्याने दादीशिवाय गाडीत बसणार नाही असा हट्ट धरला, तेव्हा ती तयार झाली.

कोल्हापूरहून बदामी दोनशेहून थोडे अधिक किलोमीटर. कागल, निपाणी, संकेश्वर करत महामार्ग सोडला की ऊस हळूहळू विरळ होतो आणि ज्वारी सुरू होते. बदलतो तो दगडही. आपल्याकडचा काळा कातळ म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. पुढे लागतो तो तांबूस वालुकाश्म त्याहूनही कितीतरी जुना. पाऊस सह्याद्रीकडेच सांडून जातो, म्हणून इकडची हवा कोरडी. धाकटा विचारत होता, "हे वाळवंट आहे का?" वाळवंट नव्हे, पण पन्हाळ्याचे हिरवे डोंगर पाहिलेल्या पोराला तसे वाटले तर नवल नाही.

वाटेत गोकाक लागते. तिथे घटप्रभा नदी ५२ मीटर खाली उडी घेते. धबधबा पाहिला, फोटो काढले. गोकाक हे अम्मीचे माहेर. नाना-नानी गेले, मामांनी घर विकले, त्याला वीस वर्षे झाली असतील. गावात वळू का, असे विचारले तर म्हणाली, "आता कोण आहे तिथे? चला पुढे."

आमच्या सहली शाळेच्या वेळापत्रकासारख्या असतात, हे कबूल करायला हवे. सकाळी आठला लेणी, अकराला पट्टदकल, तीनला ऐहोळे, असा कागदच खिशात होता.

बदामी दोन उभ्या तांबड्या कड्यांच्या मधे वसलेली आहे. कड्यांच्या कुशीत अगस्त्यतीर्थ नावाचे मोठे तळे. डोंगरावर पडलेले पावसाचे पाणी अडवून केलेले. पहिल्या पुलकेशीने इ.स. ५४३ मध्ये इथे किल्ला बांधला आणि चालुक्यांची ही राजधानी झाली. तेव्हाचे नाव वातापी. दक्षिणेकडच्या कड्यात चार लेणी आहेत. तिसऱ्यात इ.स. ५७८ चा शिलालेख आहे, चौथे लेणे जैनांचे. पायऱ्या बऱ्याच आणि माकडे त्याहून जास्त. थोरलीच्या हातातला पेरू एका माकडाने इतक्या सहजपणे काढून घेतला की तिला रागवायलाही सुचले नाही.

गुडघ्यांमुळे अम्मी वर आली नाही. तिला तळ्याच्या पायऱ्यांवर सावलीत बसवून आम्ही गेलो होतो. दीड तासाने खाली आलो, तर ती एका कपडे धुणाऱ्या बाईशी बोलत होती. तळ्यावर बायका दगडावर कपडे आपटतात आणि तो आवाज समोरच्या कड्यावर आदळून पुन्हा ऐकू येतो. त्या धपधप आवाजात अम्मीचे हसणे ऐकू आले. जवळ गेलो तेव्हा कळले, अम्मी कानडी बोलत होती. अडखळत नाही, भराभर. त्या बाईने आम्हाला पाहून "बर्री, कुंदर्री" म्हटले आणि अम्मीने तर्जुमा केला, "या, बसा म्हणते."

मुले दादीकडे पाहतच राहिली. खरे म्हणजे आम्हीही. आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, मातृभाषेवर भाषणे देतो. अम्मीला कानडी येते हे माहीत होते, पण ऐकली कधीच नव्हती. ती अठराव्या वर्षी लग्न होऊन कोल्हापूरला आली, तेव्हा तिच्या बोलण्यातल्या कानडी हेलाला सासरी सगळे हसत. लहानपणी आम्हीही तिची नक्कल केली आहे. पाहुणे आले की हमखास करायचो आणि दाद मिळवायचो. ती कधी बोलणे बंद करून बसली, आमच्या लक्षातही आले नाही.

"अम्मी, पट्टदकलला उशीर होईल," आम्ही म्हणालो. ती म्हणाली, "तुम्ही या जाऊन. मी बसते इथेच."

मग कागद खिशातच राहिला. दुपारी खानावळीत ज्वारीची भाकरी, भरले वांगे, शेंगदाण्याची चटणी आणि दही खाल्ले. अम्मीने वाढणाऱ्या पोराला "ऊटा आतेन्री?" विचारले, म्हणजे जेवलास का. तो लाजून हसला आणि जास्तीची भाकरी टाकून गेला. मशिदीत जमात होऊन गेली होती. मुसाफिराला सवलत आहे, म्हणून जुहरचे दोन रकात फर्ज कस्र पढून आम्ही पुन्हा तळ्यावर आलो.

उन्हे कलल्यावर मुलांना घेऊन उत्तरेच्या टेकडीवर गेलो. वाट दोन सरळ भिंतींसारख्या कड्यांच्या फटीतून वर जाते. दोन्हीकडे हात पसरावेत इतकी अरुंद, आणि भर दुपारीही आत गारवा.  वरून खाली पाहिले तर तळ्याच्या काठी अम्मीची पांढरी ओढणी दिसत होती आणि शेजारी आता दोन बायका होत्या. धाकट्याने वरून हाक मारली. तिला ऐकू गेली नाही, कड्याने मात्र परत दिली.

दुसऱ्या दिवशी परत निघालो. गोकाक जवळ आले तसे अम्मीच म्हणाली, "करदंट घ्यायचे आहे. गावात वळा." करदंट घेतले. मग "ती पुढची गल्ली" म्हणाली. गल्ली सापडली, घर नाही. तिथे आता भांड्यांचे दुकान आहे. अम्मी आत गेली आणि म्हाताऱ्या दुकानदाराशी पाव तास बोलत उभी राहिली. काय बोलली आम्हाला कळले नाही, तिनेही सांगितले नाही. गाडीत बसल्यावर मात्र साखरेची गोळी विसरून करदंटाचे दोन तुकडे खाल्ले आणि धाकट्याला पाणी मागायला शिकवले, "नीर कोडु." संकेश्वर येईपर्यंत त्याने बाटलीभर पाणी संपवले.