ऑक्सिमीटरवर ९७ दिसलं म्हणजे सगळं ठीक? यवतमाळकरांनी हे समजून घ्यायलाच हवं

कोरोनाच्या काळात घराघरात आलेला ऑक्सिमीटर आता बहुतेक ठिकाणी औषधांच्या डब्यात पडून असतो. धाप लागली, चक्कर आली की तो बाहेर निघतो. बोटाला लावल्यावर ९६-९७ दिसलं की घरचे निर्धास्त होतात. यवतमाळ जिल्ह्यात मात्र हीच निर्धास्ती महागात पडू शकते. इथे माणूस ज्या कारणांनी अत्यवस्थ होतो, त्यातली काही या यंत्राला दिसतच नाहीत.

यंत्र नेमकं मोजतं काय?

ऑक्सिमीटर बोटातून लाल आणि इन्फ्रारेड असा दोन प्रकारचा प्रकाश पाठवतो. ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं हिमोग्लोबिन तो वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं, त्यावरून टक्केवारी निघते. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७०च्या दशकात शोधलेलं हे तत्त्व. पण टक्केवारी कशाची, हे लक्षात घ्यायला हवं. एसटीच्या सीटा किती भरल्या हे यंत्र सांगतं, डेपोत गाड्या किती आहेत हे नाही. रक्त कमी असलेल्या बाईचा आकडा ९८ येऊ शकतो आणि तरीही चार पायऱ्या चढताना तिला धाप लागते. जिल्ह्यातल्या आदिवासी भागात सिकलसेलचे रुग्ण आहेत. त्यांच्या बाबतीत तर हा आकडा खऱ्यापेक्षा कमी-जास्त दिसू शकतो. म्हणून तब्येत बरी असतानाचा त्यांचा नेहमीचा आकडा लिहून ठेवणं आणि त्याच्याशी तुलना करणं जास्त उपयोगाचं.

बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेल्यांच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड भिनतो, तेव्हाही साधा ऑक्सिमीटर छान आकडा दाखवतो. त्याला या वायूने व्यापलेलं आणि ऑक्सिजनने भरलेलं हिमोग्लोबिन यातला फरक कळत नाही.

त्वचेचा रंग हाही मुद्दा आहे. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ऑक्सिजन खरोखर कमी असूनही ऑक्सिमीटरला ते न कळण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट आढळलं. तिथल्या औषध प्रशासनाने नंतर स्पष्ट केलं की यंत्रावर ९० दिसत असेल, तर खरा आकडा ८६ ते ९४ यांच्यामध्ये कुठेही असू शकतो. उन्हात राबणाऱ्या, रापलेल्या हातांच्या जिल्ह्यात ही गोष्ट दुर्लक्ष करण्यासारखी नाही. त्यात मेंदी, नेलपॉलिश किंवा गारठलेलं बोट असेल तर आणखी गोंधळ.

फवारणीचे दिवस

२०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या औषधांची बाधा झाली की आधी घाम, लाळ, उलटी, अंधुक दिसणं ही लक्षणं येतात. नाडी मंदावू शकते, छातीत पाणी साचू लागतं. ऑक्सिजनचा आकडा बरेचदा त्यानंतर खाली येतो. म्हणजे शेतातून आलेल्या माणसाला घाम फुटलाय, मळमळतंय, आणि घरचे ९७ बघून ‘सकाळी जाऊ’ म्हणतात, तेव्हा हातातली वेळ निघून जात असते. वणी, झरी जामणी किंवा उमरखेडकडून यवतमाळचं शासकीय रुग्णालय शंभर किलोमीटरच्या घरात. अशा वेळी आकड्याची वाट न बघता १०८ ला फोन करावा आणि औषधाचा डबा सोबत न्यावा.

घड्याळातला ईसीजी

शहरातली मुलं आता गावी आई-बाबांना स्मार्टवॉच पाठवतात. त्यातल्या चांगल्या घड्याळांचा ईसीजी अनियमित ठोके, म्हणजे एट्रिअल फिब्रिलेशन, पकडू शकतो. येऊन-जाऊन असणारी धडधड दवाखान्यात पोहोचेपर्यंत थांबलेली असते, तेव्हा हे रेकॉर्डिंग डॉक्टरांच्या खरंच कामाचं. पण तो एकाच लीडचा ईसीजी आहे, दवाखान्यातला १२ लीडचा. हार्ट अटॅक घड्याळाला ओळखता येत नाही, हे कंपन्या स्वतःच सांगतात. छातीत दाब, डाव्या हाताला कळ, दरदरून घाम असेल तर मनगटावरचा ‘नॉर्मल’ विसरायचा. आणि फक्त कॅमेऱ्यावर बोट ठेवून ऑक्सिजन सांगणारी मोबाइल ॲप? ती सरळ काढून टाका.

मग ऑक्सिमीटर फेकून द्यायचा? अजिबात नाही. दमा, सीओपीडी, न्यूमोनिया यात तो मोठा आधार आहे. पाच मिनिटं शांत बसून, हात स्थिर ठेवून मोजायचं. आकडा ९४ च्या खाली टिकून राहिला तर दवाखाना गाठायचा. दम्याच्या जुन्या रुग्णाने आपली मर्यादा डॉक्टरांकडून लिहून घ्यावी.

खरा प्रश्न घरच्या यंत्रापेक्षा गावच्या यंत्राचा आहे. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताईंसह आरोग्य पथकं ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरली होती. तेव्हाच्या यंत्रांपैकी आज किती चालू आहेत, सेल कोण भरून देतं, याचा हिशेब आरोग्य विभागाने मांडावा. फवारणी ऑगस्टमध्ये जोर धरते. त्याआधी प्रत्येक आशाताईच्या पिशवीत चालू ऑक्सिमीटर आणि आकडा कितीही असला तरी कोणत्या लक्षणांवर रुग्ण हलवायचा, हे मराठीत छापलेलं एक कार्ड असायला हवं. हा खर्च काही फार मोठा नाही.