चाळीस घोड्यांची पागा

जुनी फियाट बाळगणाऱ्या माणसाला सल्ला देण्याचा हक्क घटनेने प्रत्येक नागरिकाला दिलेला असावा, असा माझा समज आहे. आमच्या चिखलीत तर लोक हा हक्क मतदानापेक्षा जास्त निष्ठेने बजावतात. बसस्टँडसमोर बॉनेट उघडून उभं राहायचा अवकाश, पाच मिनिटांत सात माणसं जमतात आणि त्यांतली सहा एकच वाक्य बोलतात : "भाऊ, हिची पावर वाढवून घ्या ना!"

या 'पावर वाढवून घ्या' जमातीशी माझं भांडण आहे.

आधी हिशोब समजून घ्या. प्रीमियर पद्मिनी म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली इटालियन फियाट ११००. १९७४ साली तिचं 'पद्मिनी' असं बारसं झालं. इंजिन १०८९ सी.सी.चं आणि ताकद सुमारे चाळीस घोड्यांची. आता चाळीस घोडे म्हणजे काही थोडे नव्हेत. इथे लग्नाच्या वरातीला एक घोडा ठरवताना वरबापाच्या तोंडाला फेस येतो! पण चाळीस वर्षांच्या गाडीत यातले पंचवीस कामावर असतात आणि बाकीचे पागेत घोरत पडलेले असतात. माझं म्हणणं एवढंच, की बाजारातून नवे घोडे आणण्याआधी हे घोरणारे उठवा. त्याला खर्चही फार येत नाही.

पण जमातीला उठवण्यात रस नाही. तिला आवाज हवा. माझा भाचा याच पंथातला. "मामा, फ्री-फ्लो सायलेन्सर टाका, गाडी बघा कशी श्वास घेते!" अरे, श्वास घेते की किंचाळते? मूळ इंजिन तसंच ठेवून मागची नळी तेवढी रुंद केली, तर वाढतो तो मुख्यतः आवाज. मोठ्या आवाजाने माणसाला वेगाचा भास होतो, हे खरं. पण मग तो ताशा डिकीत ठेवूनही होईल, आणि स्वस्तात होईल.

दुसरा सल्ला याहून घातक. "एअर फिल्टर काढून टाका, मोकळी हवा मिळते." हे ज्या शहरात डांबर घासून पुसून ठेवतात तिथे बोलावं. सोयाबीन काढणीच्या दिवसांत इथल्या हवेत काय उडतं, ते आमच्या खिडक्यांना विचारा. ती धूळ सिलिंडरात तेलात मिसळली, की व्हॉल्व्ह घासायची पेस्टच तयार होते. फक्त ती व्हॉल्व्हऐवजी रिंगा घासते. पहिले आठ दिवस गाडी पळते, आणि पुढे सायलेन्सरमधून निळा धूर काढत लोकांना आपली कहाणी सांगत फिरते.

आमचे मिस्त्री या बाबतीत फार स्पष्टवक्ते. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी मला गाडी ढकलायला लावली. ती हलेना. "पाहा साहेब, जे माणसाच्यानं ढकलल्या जात नाई, ते इंजिनच्यानं तरी कसं ढकलल्या जाईन?" मागच्या चाकांत ब्रेकचे शू घासत होते. ते सोडवले, टायरांत नीट हवा भरली, आणि इंजिनाला हात न लावता तीन-चार घोडे जागे झाले.

मग कॉम्प्रेशन गेज लावला. एका सिलिंडरचा आकडा कमी आला, तेव्हा त्यांनी प्लगच्या भोकातून चमचाभर तेल ओतून पुन्हा मोजला. तेल टाकल्यावर आकडा चढला तर दोष रिंगांचा. नाही चढला तर बहुधा व्हॉल्व्हचा. एका चमच्यात निदान! (आमच्याकडे माणसांच्या तपासणीला याहून जास्त चमचे लागतात.) आकडा चढला नाही. हेड उघडलं, कार्बन खरवडला, व्हॉल्व्ह पेस्टने घासून बसवले, टॅपेटमधलं अंतर फीलर गेजने जुळवलं, डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट बदलले आणि टायमिंग धरलं. कार्ब्युरेटरचा जेट पेट्रोलने धुऊन हवेने फुंकला. तारेने कोचला नाही, हे मुद्दाम सांगतो. ते भोक मापाचं असतं आणि तार घालणारा माणूस ते कायमचं मोठं करून ठेवतो. शेवटी प्लग काढून पाहिला, तर दुधाच्या चहाचा रंग. मिस्त्री म्हणाले, "इंजिन बरोबर जेवून रायलं."

भाच्याचं समाधान नाही. त्याला मोठा कार्ब्युरेटर हवा. त्याचा फायदा मिळतो तो इंजिन जोरात फिरतं तेव्हा. आणि आम्हाला ताकद लागते घाटात, दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिन हळू कण्हत असतं तेव्हा. चिखलीला रेल्वे नाही. खामगाव-जालना मार्गाची वाट पाहण्यात पिढ्या गेल्या. त्यामुळे मुंबईची गाडी धरायला मलकापूर, आणि बुलढाणा सोडलं की राजूर घाट. घाट उतरताना इंजिनात किती घोडे आहेत हे कुणी विचारत नाही. ते थांबतात का, एवढंच विचारतात. माझ्या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. ते तापले की पाय खाली जातो आणि गाडी पुढे जाते. चाळीस घोड्यांचे साठ करायला निघालेल्या एकाही सल्लागाराने मला आजवर ब्रेकबद्दल विचारलेलं नाही. हा माझा खरा राग आहे. सायलेन्सरचं मी हसण्यावारी नेईन. पण मागच्या सीटवर दुसऱ्यांची पोरं बसलेली असतात.

आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्याने जुन्या रबरी नळ्या मऊ पडतात, तडकतात, आणि खाली तापलेलं इंजिन असतं. शिवाय मिश्रण पातळ होतं, म्हणून जेट थोडा मोठा लागतो. तोही विकत आणलेला, कोचलेला नव्हे. या पेट्रोलचा ऑक्टेन मात्र जास्त असल्यामुळे हेडला हलकासा फेस मारून कॉम्प्रेशन जरा वाढवता येतं. जमातीला द्यायची ती एवढी एक सवलत मी देतो, पण नळ्या बदलल्यावर.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. मिस्त्रींचं वय सत्तरीचं, आणि त्यांच्या हाताखाली शिकायला कुणी नाही. पोरांना सायलेन्सर बसवता येतो, पॉइंटची फट कुणाला बघायची नाही. म्हणून मी हल्ली वही घेऊन त्यांच्याशेजारी स्टुलावर बसतो. या महिन्याची यादी त्यांनी दिली आहे : मागचे व्हील सिलिंडर दोन, पेट्रोलचा पाइप दीड मीटर, कंडेन्सर एक. भाच्याने खाली पेन्सिलीने 'सायलेन्सर' लिहिलं होतं. ते मी खोडलं.